तळ्यातली फेरी

१

आमच्या मिझुरी राज्यात जुगार म्हणजे पाप की पुण्य, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. चर्चच्या तळघरात बिंगो खेळलात तर पुण्य. पेट्रोल पंपावर लॉटरीचं तिकीट घेतलंत तर शाळांना हातभार. पण पत्ते, फासे आणि खणखणणारी मशीनं हवी असतील, तर जमिनीवर ते पाप, आणि पाण्यावर मात्र चालतं. तेही वाटेल त्या पाण्यावर नाही, नदीच्याच पाण्यावर. मग हुशार वकिलांनी काय केलं, तर सेंट ओबिन गावाबाहेर मक्याच्या शेतात एक तळं खणलं, नदीतून पाइप टाकून ते भरलं आणि त्यात बोट ठेवली. झाली नदी.

त्या बोटीचा कॅप्टन मी, लीलँड थिबो. त्याआधी उभं आयुष्य मी मिझुरी नदीवर धान्याचे बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, ढकलले. गाळ कुठे साचतो, पाणी कुठे फसवतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. माझ्या तोडीचा नावाडी या पट्ट्यात नव्हता, आणि हे मी सांगतोय म्हणून खोटं ठरत नाही.

बोटीचं नाव सिकमोर क्वीन. दिसायला जुन्या आगबोटीसारखी, पांढरी, नक्षीची, मागे लाल चाक, जे फिरत नाही. पोट तळाला जवळजवळ टेकलेलं. चिखलात बसलेल्या डुकरिणीसारखी ती त्या डबक्यात बसलेली असायची. तरी कायद्याला कॅप्टन हवा होता आणि फेऱ्याही हव्या होत्या. म्हणून दर फेरीला मी वर सुकाणूच्या खोलीत जायचो, भोंगा वाजवायचो आणि मायक्रोफोनवर सांगायचो की बोट सुटते आहे. मग दार बंद. त्यानंतर कुणी आत यायचं नाही, बाहेर जायचं असेल तर जावं. दोन तासांनी मी सांगायचो की आपण परत आलो आहोत. मधल्या वेळात बोट वीतभरसुद्धा हलायची नाही.

आमची मॅनेजर ट्रिशा कुल्प. पोरगी चांगली, पण पाण्याशी तिचा संबंध फक्त बाटलीतून. मी भोंगा जोरात वाजवतो अशी तिची कायमची तक्रार. मशीनवरची माणसं दचकतात म्हणे.

आता दोन तास वर बसून करायचं काय? मी एक खेळ काढला होता. भोंगा वाजला की मनातल्या मनात मी बोट खरोखरच सोडायचो. जुन्या धक्क्यावरून बाहेर, धान्याच्या उंच कोठाराला वळसा, रेल्वेच्या पुलाखालून, खाली हॅगर्टी बेटापर्यंत. तिथे वळवून परत. घोषणेच्या वेळेला बरोबर धक्क्याला लावायचो. म्हातारा माणूस बोट-बोट खेळतो हे कोण कुणाला सांगेल? मीही सांगितलं नव्हतं.

२

माझी बायको मर्ना रोज सकाळच्या फेरीला यायची. बार्जवरच्या नोकरीच्या काळात मी एक महिना नदीवर आणि एक महिना घरी असायचो. नदीवर असलो की फोनवर ती एकच विचारायची, कधी येशील. मी म्हणायचो, नदी आणेल तेव्हा. हे मला फार रुबाबदार वाटायचं. तिला काय वाटायचं ते मी विचारलं नाही. मी तळ्यातल्या बोटीवर लागलो तेव्हा मात्र तिने पिवळं जाकीट चढवलं आणि जाहीर केलं की आता ती माझ्याबरोबर नदीवर येणार. मी म्हटलं, अगं, ते डबकं आहे. ती म्हणाली, असू दे.

जिन्याजवळच्या रांगेतलं शेवटचं मशीन तिचं ठरलेलं. पाच सेंटवालं. फेरी संपेपर्यंत एक कॉफी पुरवायची आणि हरली तरी खुशीत असायची. त्या मजल्याला एकही खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की बर्फ हे गिऱ्हाइकाला कळू नये असा मालकांचा हिशेब.

मार्चमधली गोष्ट. फेरी संपवून आम्ही गाडीतून घरी निघालो होतो. मर्ना जाकिटाची बाही रुमालाने पुसत होती.

"पुलाखाली केवढी वळवलीस रे आज," ती म्हणाली. "माझी सगळी कॉफी सांडली."

मी हसलो. तिला माझी खेचायला आवडायचं. मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्या सकाळी पुलाखाली मला मनात एक मोठा ओंडका तरंगत येताना दिसला होता, आणि तो चुकवायला मी बोट खरंच जोरात वळवली होती.

बाहीवर कॉफीचा डाग होता. मी गाडी चालवत राहिलो. म्हटलं, इतकी वर्षं संसार केलाय, मी झोपेत बडबडत असेन, तिने पुलाचं नाव ऐकलं असेल. कॉफी कुणाच्याही हातून सांडते. घाबरणं हा माझा स्वभाव नाही. घरी जाऊन मी दोन वाडगे मक्याचं सूप प्यायलो आणि विषय सोडून दिला.

३

एल्मो गार्नर हा आमचा इंजिनवाला. पूर्वी बार्जवरही माझ्याच हाताखाली होता. आता इंजिन चालवायचं नसल्यामुळे तो दोरखंड आणि दिवे बघायचा. एप्रिलमध्ये एक दिवस तो वर आला आणि माझ्यासमोर हातभर लांबीची ओली फांदी ठेवली. वाळुंजाची, कोवळ्या पानांची. डाव्या कठड्यात अडकली होती म्हणाला.

तळ्याभोवती चारी बाजूंना डांबरी पार्किंग. झाड सोडा, झुडूपही नाही. वाळुंज वाढतो तो थेट नदीकाठी.

"पक्ष्याने आणली असेल," एल्मो म्हणाला.

मी म्हटलं, असेल. एवढी फांदी उचलणारा पक्षी दोघांनीही कधी पाहिलेला नव्हता. एल्मोने ती पाण्यात टाकली. ती तिथेच गोल गोल फिरत राहिली.

त्यानंतर मी फेरी संपल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून उतरणारी माणसं बघू लागलो. तेव्हा ते दिसलं. फळीवरून डांबरावर पाय ठेवला की जो तो क्षणभर थांबायचा, पाय फाकवायचा, अंदाज घ्यायचा आणि मग चालू लागायचा. ही चाल मी आयुष्यभर चाललोय. बरेच दिवस बोटीवर काढल्याशिवाय ती माणसाला येत नाही. तसं म्हटलं तर दोन तास वाकून बसलं की कुणाचेही गुडघे धरतात. मी स्वतःला तेच समजावलं.

पण मला असं अर्धवट राहवत नाही. मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. हॅगर्टी बेटाच्या मागून नदीचा एक अरुंद फाटा जातो. मी पोरसवदा होतो तेव्हाच सरकारने त्याच्या दुसऱ्या टोकाला दगडी बांध घालून तो बंद केला. त्यात कुणी बोट नेत नाही. मर्नाला तो फाटा ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या सकाळी मी मनातली बोट फाट्यात घातली. अगदी सावकाश नेली. दोन्ही बाजूंनी झाडं खाली आलेली होती. समोर बांध दिसला तशी मागे घेतली आणि परत आणली.

गाडीत मी मुद्दाम विषय काढला नाही.

"आज कुठे नेलं होतंस?" शेवटी तिनेच विचारलं. "फार अरुंद होतं. फांद्या छपराला घासत होत्या. छान वाटलं पण. शांत."

मी तिच्याकडे न बघता गाडी चालवत राहिलो.

"तू परत का वळवलीस?" ती म्हणाली.

"पुढे बांध आहे, मर्ना. त्यापुढे काही नाही."

"आहे की. बरंच आहे. मला दिसत होतं."

४

खरं सांगतो, मी घाबरलो. बोटीचं मला काही वाटलं नाही, ती हलो नाहीतर बुडो. भीती वाटली ती मर्नाची. त्या दिवशी बोटीवरून उतरताना तिने एकदा मागे वळून त्या बिनखिडक्यांच्या मजल्याकडे पाहिलं होतं. लग्नाच्या दिवसांत ती माझ्याकडे तसं पाहायची.

मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कानात दिवा घातला, तिला रेषेवरून चालवलं आणि सांगितलं की या वयात कानातला तोल जरा बिघडतो. गोळ्या दिल्या. मला बरं वाटलं. कान, बस, एवढंच. मग वाटलं, तिच्या कानात बिघाड असेल, पण त्या फांदीच्या कानात कसला बिघाड?

मी तिला सांगून पाहिलं की काही दिवस येऊ नकोस. कारण काय सांगणार? म्हटलं, धूर असतो तिथे, तुझ्या छातीला बरा नाही. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली.

"लीलँड, मी तुझी वाट बघण्यात म्हातारी झाले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुठल्या वळणावर असशील, जेवला असशील का, सगळं या टेबलाशी बसून. आता कुठे मी तुझ्याबरोबर जातेय. तू बोलावलंस म्हणून नाही, माझी मी जातेय. मला अडवू नकोस."

मी बाहेर जाऊन गाडीचं तेल बघितलं. ते ठीकच होतं.

मग मी दुसरा मार्ग धरला. बोट मनात सोडायचीच नाही. वर बसून मी पाढे म्हटले, चर्चमधली भजनं म्हटली, शब्दकोडी सोडवली. पण भोंगा वाजला की माझे हात आपोआप सुकाणूवर जायचे आणि बोट धक्का सोडायची. एवढं मात्र मी कटाक्षाने पाळलं: फाट्यापासून लांब राहायचं आणि मर्नाला रोज परत आणायचं. घोषणा करताना मी डोळे मिटून बोट धक्क्याला नीट टेकवायचो, मगच तोंड उघडायचो. हे मी चोख केलं. माझ्याइतकं चोख दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मर्ना रोज उतरायची, आणि रोज थोडी नाराज दिसायची.

५

मग राजधानीत कायदा बदलला. लोक वैतागले होते, मालकही. भोंगा, फेऱ्या, बंद दार हा सगळा पोरखेळ बंद करून ज्याला हवं तेव्हा येऊ-जाऊ द्या, असं ठरलं. कागद कधीही येईल, असं ट्रिशाने सांगितलं तेव्हा मी इतका खूश झालो की तिला वाटलं, मला ऐकू आलेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं: तुम्हाला कामावर ठेवतोय कॅप्टन, फक्त फेऱ्या बंद. मी म्हटलं, उत्तम, झकास.

त्यानंतरच्या एका सकाळी भोंगा वाजवताना मला ठाऊक होतं की आता हे थोड्याच दिवसांचं आहे. मर्ना खाली तिच्या मशीनवर होती. ऊन छान पडलं होतं. आणि मी सैल पडलो. आजवर आवळून धरलेली दोरी मी सोडली. म्हटलं, एवढे दिवस जपलं, आता एकदा मनासारखी नेऊ. पुलाखालून झोकात काढली. बेटाशी आलो. फाट्याचं तोंड समोर होतं, पाणी तकतकीत होतं. आत शिरायचं नाही हे नक्की होतं. फक्त तोंडाशी थांबून बघायचं होतं की मर्नाला पुढे काय दिसलं.

बघत होतो तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ट्रिशा, एल्मो, खालच्या मजल्यावरच्या चार बाया आणि एक मोठा केक. कागद आला होता. आत्तापासून लागू. दार उघडलंसुद्धा, नवी माणसं आत येतायत.

"आता घोषणा नको, कॅप्टन," ट्रिशा म्हणाली. "आम्ही दारावर पाटी लावली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एल्मोने माझी पाठ थोपटली. कुणीतरी माझ्या हातात सुरी दिली. मी केक कापला, वरच्या साखरेच्या बोटीचा भोंगा मलाच मिळाला. मग ते मला हाताला धरून खाली घेऊन गेले. मी चाळीस विनोद सांगितले असतील. मर्ना जिन्याशी उभी होती. आम्ही घरी आलो.

बोट मी फाट्याच्या तोंडाशीच ठेवून आलो होतो.

६

हे माझ्या लक्षात आलं ते जेवायला बसल्यावर. मर्ना ताटं आणताना एक हात भिंतीला लावून चालत होती. बसताना तिने आधी खुर्ची घट्ट धरली. मी तिला काही विचारणार, एवढ्यात माझी नजर तिच्यासमोरच्या ग्लासावर गेली. त्यातलं पाणी तिरकं होत होतं. सावकाश एका कडेला चढायचं, थांबायचं, मग दुसऱ्या कडेला. माझ्या ग्लासातलं पाणी स्तब्ध होतं. टेबल एकच होतं.

"मर्ना," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून गोड हसली. पण मी काय म्हणालो ते तिला ऐकू आलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजात माणसं हसतात तशी ती हसली होती.

मी जेवण टाकून थेट तळ्यावर गेलो. वरच्या खोलीत दोन कामगार मायक्रोफोनच्या तारा काढत होते. त्यांना मी पाच मिनिटं बाहेर उभं केलं. मी कॅप्टन आहे, माझं अजून ऐकतात. सुकाणू धरलं, डोळे मिटले. धक्का, कोठार, पूल, बेट. या वाटेला मी कधी चुकलो नाही आणि तेव्हाही चुकलो नाही. फाट्याच्या तोंडाशी पोचलो.

पाणी रिकामं होतं.

मी बोट जिथे थांबवली होती ती जागा मला तसूभरही चुकणार नाही. तिथे बोट नव्हती. ती वाहत खाली गेली असती तर बेटाच्या खालच्या टोकाला अडकली असती. तिथेही नव्हती. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. कामगारांनी दार वाजवलं तेव्हा मी घामाने भिजलो होतो. बोट फाट्यात गेली होती, आणि मी सुकाणूवर नव्हतो.

७

मनातलं मनात शोधून मिळत नसेल तर नदीवर जाऊन शोधावं, इतका सरळ माझा विचार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एल्मोची सपाट बुडाची होडी घेतली. एल्मोला म्हटलं, मासे बघू. त्याने गळ घेतले नाहीत आणि मीही त्याला आठवण केली नाही. मर्नाजवळ शेजारच्या बाईंना बसवलं होतं. मर्नाने मला निरोप दिला नाही. ती कुठेतरी निघालेल्या माणसासारखी स्वतःतच मग्न होती.

फाटा होता तसाच होता. खाली आलेली झाडं, गुडघाभर पाणी, समोर दगडी बांध, त्यावर वाळकी लाकडं साचलेली. एवढ्या पाण्यात आमची होडीही तळाला घासत होती. क्वीनच्या आकाराची बोट इथे शिरणं शक्य नव्हतं. मला हायसं वाटलं. कान, म्हटलं. डॉक्टर शिकलेला माणूस आहे. माझंही डोकं त्या डबक्यावर बसून बसून आंबलं असेल.

"चल परत," मी एल्मोला म्हटलं.

तो हलला नाही. तो काठाकडे बघत होता.

दोन्ही काठांना लाटा येत होत्या. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि लाटा येत होत्या. एकामागून एक, रुंद, तेलकट, दोन्ही बाजूंना सारख्या. नदीवरच्या माणसाला या लाटा बघून काय गेलं ते विचारावं लागत नाही. जवळून मोठी बोट जाते तेव्हा मागे त्या उरतात. त्या बांधाकडून येत होत्या. दगडांमधून पाणी आत-बाहेर होत होतं आणि वरची वाळकी लाकडं खालीवर होत होती. बांधापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर काहीतरी पांढरं सरकत गेलं. नक्षीचा एक तुकडा असेल, किंवा बगळे असतील. मी नीट पाहीपर्यंत ते वळणाआड गेलं.

मी उभा राहून ओरडलो. परतीची सगळी घोषणा ओरडून सांगितली, आधी एकदा आणि मग घसा बसेपर्यंत. आपण परत आलो आहोत. सावकाश उतरा. एल्मोने मला खाली बसवलं. त्याने होडी वळवली आणि मला गावाच्या धक्क्यावर आणून सोडलं.

आता मी घरीच असतो. मर्नाला काही त्रास नाही. पुढ्यात ठेवलं की खाते, पिवळं जाकीट अंगातून काढू देत नाही. सुरुवातीला कधीकधी तिच्या ग्लासातलं पाणी फार जोरात हलायचं, आता ते संथ झुलतं. तिथे नदी चांगली रुंद झाली असावी. कोण नेत आहे माहीत नाही, पण नेणारा चांगला आहे, एवढं पाण्यावरून मला कळतं. मी तिच्यासमोर टेबलाशी बसतो आणि दिवसातून एकदा विचारतो, कधी येशील.

परवा तिला ऐकू आलं असं वाटलं. तिने मान वर केली, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि टेबलापलीकडे माझ्याकडे निरखून पाहिलं. खूप लांबून बघावं तसं. मग ती हसली आणि तिने हात उंच करून हलवला, बोटीतून जाणारी माणसं काठावरच्या अनोळखी माणसाला हलवतात तसा.

मीही हलवला.